तेच दुकान, तेच सँडविच, मग दर वेळी वेगळं का?

प्रश्न थोडक्यात असा: घराजवळच्या एका साखळी दुकानातून तेच सहा इंची पनीर सँडविच तीनदा घेतलं. पहिल्यांदा भाज्या बाहेर सांडेपर्यंत भरल्या, दुसऱ्यांदा ऑलिव्हच्या चकत्या मोजून तीन ठेवल्या, तिसऱ्यांदा घरी मागवलं तर पावाचा लगदा. काउंटरवरचा मुलगा कधी हसून बोलतो, कधी मानही वर करत नाही. साखळी म्हणजे सगळीकडे सारखं, मग असं का होतं? आणि गिऱ्हाइकाच्या हातात काही आहे का?

या धंद्यात मला चौदा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं पुण्यात काउंटरमागे हातमोजे घालून उभा होतो, मग शिफ्ट सांभाळली, मग एका फ्रँचायझी मालकाची (कंपनीचं नाव वापरून स्वतःच्या पैशाने दुकान चालवणाऱ्याची) पाच दुकानं बघितली. आमच्या साखळीचं नाव घेत नाही, कारण पुढे आमच्याच चुका सांगायच्या आहेत.

तुमच्या पावात काय आणि किती पडणार, हे भिंतीवरच्या फोटोवर ठरत नाही. तुम्ही किती वाजता आलात आणि गेल्या महिन्याचा फूड कॉस्ट, म्हणजे कच्च्या मालावरचा खर्च, किती आला, या दोन गोष्टींवर ठरतं. मुलाचा स्वभाव त्यानंतर.

आधी घड्याळाचं सांगतो. पाव दुकानात मळला जात नाही. मैद्याच्या डो स्टिक, म्हणजे मळलेल्या पिठाच्या लांब कांड्या, गोठवलेल्या येतात, उणे 18 अंशांवर ठेवायच्या. आदल्या रात्री हव्या तेवढ्या काढून चिलरमध्ये लावायच्या, म्हणजे सकाळपर्यंत सैल होतात. मग प्रूफर, म्हणजे एक उबदार, दमट कपाट. त्यात तासाभरात फुगल्या की ओव्हन. बाहेर काढल्यावर पाव निदान अर्धा तास निवू द्यावा लागतो. “एकदम गरम पाव द्या” असं पुष्कळ लोक हौसेने सांगतात, पण गरम पाव सुरीखाली दबतो, आतला मऊ भाग गोळा होऊन सुरीला चिकटतो आणि भाजी भरली की खालची बाजू फाटते. निवलेला पाव कापून टोस्ट करून घ्या, तो खरा गरम पाव.

याच डो स्टिकवरून अमेरिकेत मोठी कोर्टबाजी झाली होती. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाने सबवे या अमेरिकन सँडविच साखळीच्या फूटलाँगला (फूटभर, म्हणजे 12 इंची सँडविचला) टेप लावून फोटो टाकला, 11 इंचच भरतंय म्हणून. त्यावरून अमेरिकेत दावे लागले, तडजोडही झाली, आणि 2017 मध्ये अपील कोर्टाने ती तडजोड मोडीत काढली, कारण तिच्यातून गिऱ्हाइकांच्या पदरात काहीच पडत नव्हतं. कोर्टाने एक साधी गोष्ट लक्षात घेतली: कच्च्या डो स्टिक सगळ्या सारख्याच वजनाच्या असतात, त्यामुळे भाजल्यावर पाव थोडा आखूड झाला म्हणून खाणं कमी होत नाही. कोणता पाव लांब होईल आणि कोणता गुबगुबीत, हे प्रूफरमधल्या दमटपणावर असतं. जुलैत आमचे पाव फुगून शेजारच्याला चिकटायचे आणि एप्रिलमध्ये वरून सुकायचे. रेसिपी तीच, ट्रे तोच.

भाज्यांचंही घड्याळ असतं. सकाळी साडेआठला दोन मुलं येतात. कच्च्या खायच्या भाज्या 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) क्लोरीनच्या पाण्यात धुवायच्या, निथळायच्या, चिरायच्या, डब्यांवर वेळेची चिकटपट्टी लावायची आणि काउंटरच्या थंड खणात 5 अंशांच्या खाली ठेवायच्या. साडेअकरा ते साडेबारा हा दुकानाचा सगळ्यात चांगला तास. पाव निवलेला, लेट्यूस कुरकुरीत, रश अजून यायचा आहे आणि मुलांचे पाय दुखायला लागलेले नाहीत. मी स्वतः बाहेर कुठे खायचं म्हटलं तर याच वेळेला जातो. संध्याकाळी सातनंतर टोमॅटोच्या डब्यात तळाला पाणी साठलेलं असतं. नीट दुकानात दुपारनंतर पुन्हा थोडं चिरतात, आळशी दुकानात सकाळचंच रात्रीपर्यंत ओढतात. बघून कळतं: चिरलेल्या लेट्यूसच्या कडा तांबूस दिसल्या की सकाळचं आहे.

दुपारी साडेतीनला दुकान रिकामं असूनही तुम्हाला ताटकळत का ठेवतात, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. दीडच्या गर्दीला चार जण उभे असतात: एक पावाला, एक भाजीला, एक सॉसला, एक बिलाला. तीन वाजता त्यातले दोघे सुटतात, तिसरा डबा खायला आत जातो. उरलेला एकटा मुलगा भाजी चिरतो, फरशी पुसतो आणि टॅबलेटवर टुंग टुंग वाजणाऱ्या घरपोच ऑर्डरी काढतो. तुम्हाला समोर रांग दिसत नाही, त्याला पाच सँडविचची रांग दिसत असते. तो मान वर करत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा तेच. (कधीकधी तो खरंच उर्मट असतो. तशी मुलंही मी ठेवली आहेत आणि काढलीही आहेत.)

आता ऑलिव्ह. प्रत्येक सँडविचला किती चकत्या, किती काप, चीजचे किती तुकडे, याचा तक्ता आतल्या भिंतीवर चिकटवलेला असतो. नवा मुलगा पहिले पंधरा दिवस तो पाळत नाही, कारण समोर उभ्या माणसाला “नाही” म्हणायची त्याला लाज वाटते. हिशोब मांडून बघा. एका सँडविचमागे चीज, ऑलिव्ह धरून 3 रुपयांचं जास्त पडलं आणि दिवसाला 150 सँडविच गेली, तर 450 रुपये. महिन्याचे 13,500. महिनाअखेर मालक तो आकडा बघतो, मॅनेजरला फोन करतो, मॅनेजर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना उभं करून ओरडतो. पुढचा आठवडाभर चकत्या मोजून पडतात. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या सँडविचच्या मध्ये बहुधा हा फोन झालेला असणार.

मालकाचा जीव एवढा का तुटतो, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं की दुकान कंपनीचंच आहे. बहुतेक वेळा नसतं. फ्रँचायझीत कंपनी आपला वाटा विक्रीवर घेते, नफ्यावर नाही. सबवेचं अमेरिकेतलं गणित जगजाहीर आहे: विक्रीच्या 8 टक्के रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचे पैसे, आणि वर 4.5 टक्के जाहिरातीसाठी. म्हणजे दुकान तोट्यात असलं तरी 100 रुपयांच्या सँडविचमधले साडेबारा आधीच गेले. भाडं, वीज आणि पगार यांना हात लावता येत नाही. हात लावता येतो तो फक्त पावाच्या आत. कूपन दाखवल्यावर गल्ल्यावरच्या माणसाचं तोंड आंबट होतं तेही यामुळेच. सवलत जाहीर करते कंपनी आणि कळ सोसतो दुकानदार.

टोमॅटोची गोष्ट आठवली. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला 200 च्या घरात गेला होता. मॅकडोनाल्ड्सने उत्तर आणि पूर्व भारतातल्या बऱ्याच दुकानांत टोमॅटो घालणं थांबवलं आणि तशा पाट्या लावल्या, बातम्याही झाल्या. आम्ही मात्र हुशारी केली. पाटी न लावता मुलांना सांगितलं, कुणी मागितलं तर “आत्ताच संपला” म्हणा. तिसऱ्या दिवशी एक काका आले, त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “काल पण आत्ताच संपला होता. महाग झालाय म्हणा की राव, आम्ही पण मंडईतून पाव किलोच आणतोय.” त्या दुपारी हाताने लिहून पाटी लावली. त्यानंतर टोमॅटोवरून एकही भांडण झालं नाही.

काउंटरवरच्या प्रश्नांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते निम्मे वाईट अनुभव तिथे घडतात. आपल्याकडे हॉटेलात पदार्थाचं नाव सांगितलं की संपलं. मुंबईतल्या सँडविचवाल्यासमोर उभं राहिलं तर तो फार तर “तिखट चालेल? कांदा घालू?” एवढं विचारतो, बाकी बटाटा, बीट, काकडी, हिरवी चटणी त्याच्या हाताला पाठ असते. 2001 मध्ये सबवे भारतात आली आणि पाव तुम्ही निवडा, भाजी तुम्ही सांगा, सॉस तुम्ही ठरवा हा प्रकार सुरू झाला. कॉलेजच्या पोरांना ते सोपं गेलं. बाकीच्यांना ती तोंडी परीक्षा वाटते.

एक आजी-आजोबा पहिल्यांदा आले तेव्हा मी बिलावर होतो. मुलाने सवयीने, एका दमात विचारलं: “ब्रेड कोणता, मल्टिग्रेन, इटालियन, हनी ओट? सहा इंच की फूटलाँग? टोस्ट करू? चीज? सगळ्या भाज्या? सॉस कोणते?” आजी आजोबांकडे बघायला लागल्या. आजोबा म्हणाले, “साधा.” मुलगा म्हणाला, “साधा म्हणजे इटालियन?” आजोबांचा आवाज चढला, “साधा म्हणजे साधा!” मागे सहा जण उभे. आजी हळूच म्हणाल्या, “चला हो, घरी थालीपीठ लावते.” ते निघून गेले. त्यात त्या पोराचा दोष नव्हता, त्याला आम्हीच तसं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहिला प्रश्न बदलला: “आधी कधी घेतलंय का इथे?” नाही म्हटलं की मुलाने स्वतःच सांगायचं, “मग मी माझ्या पद्धतीने करून देतो, काही नको असेल तर तेवढं सांगा.” एवढ्याने रांग लवकर सरकायला लागली.

तुमच्या बाजूने करण्यासारखं हेच आहे. हवंय त्यापेक्षा नकोय ते आधी सांगा. “सगळं घाला, फक्त हॅलपिनो आणि कॅप्सिकम नको” हे वाक्य मुलाला सोन्यासारखं वाटतं. (हॅलपिनो म्हणा, जलापिनो म्हणा, “त्या हिरव्या मिरच्या” म्हणा, सगळं चालतं. आम्ही सगळं ऐकलेलं आहे.) भाजी जास्त हवी असेल तर सॉस पडायच्या आधी सांगा. सॉसवर भाजी टाकली की ती घसरते आणि पाव मिटत नाही. आणि लेट्यूस, काकडी, कांदा “जरा जास्त” म्हटलं तर कुणी नाक मुरडत नाही, कारण ते स्वस्त आहे. ऑलिव्ह आणि चीज यांच्याशी मुलाची नोकरी जोडलेली असते, तिथे एकदा मागा, दुसऱ्यांदा नको. सॉस दोनच घ्या. चार सॉस एकत्र आले की पनीर असो की आलू पॅटी, चव एकच लागते, गोडसर आंबट.

“मील करून देऊ का?”, म्हणजे सोबत पेय वगैरे देऊ का, या प्रश्नाचा पुष्कळांना राग येतो. तो गल्ल्यावरच्या मुलाला विचारावाच लागतो, दिवसाला किती मील झाली हे संध्याकाळी मोजतात. “नको” म्हणा, तो पुन्हा विचारणार नाही. बिलावर 5 टक्के जीएसटी लागतो आणि पाटीवरचा भाव बऱ्याचदा त्याच्याशिवायचा असतो, एवढं धरून चाला.

आता आमची एक मोठी चूक. डिसेंबरमधला शनिवार होता, रात्रीचे आठ, रांग दारापर्यंत. टोस्टरमध्ये दोन सँडविच शेजारी शेजारी गेली, एक आलू पॅटीचं, एक चिकन पॅटीचं. टोस्ट होऊन बाहेर आलेल्या पॅट्या वरून चीज वितळलं की अगदी जुळ्या बहिणी दिसतात. मुलाने अदलाबदल केली, कागद गुंडाळला, स्टिकर लावलं. वीस मिनिटांनी एक बाई परत आल्या. ओरडल्या नाहीत. अर्धं खाल्लेलं सँडविच कागदासकट काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, “दादा, हे काय आहे?”

शिफ्ट माझी होती. मी बघितलं, पोटात खड्डा पडला, आणि पहिलं काम काय केलं तर गल्ला उघडून पैसे परत द्यायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. “पैसे नकोत. मी जन्मात मांस खाल्लेलं नाही. हे कसं झालं तेवढं मला समजावून सांगा.” मी त्यांना काउंटरच्या टोकाला नेलं, टोस्टर दाखवला, दोन्ही पॅट्या शेजारी ठेवून दाखवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग तुम्हाला तरी कसं कळणार?” आणि निघून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

त्यांचा प्रश्न बरोबर होता, आम्हालाही कळत नव्हतं. शाकाहारी सुरी वेगळी होती, कापायचा पाट वेगळा होता, हातमोजे बदलायचा नियमही होता, पण टोस्टर एकच होता. पुढच्या आठवड्यात शाकाहारीसाठी हिरवी पट्टी लावलेला वेगळा ट्रे केला, दोन प्रकारची सँडविच एका वेळी टोस्टरमध्ये घालायची नाहीत असं ठरवलं, आणि कागद गुंडाळायच्या आधी उघडं सँडविच गिऱ्हाइकाला दाखवून “आलू पॅटी, बरोबर?” असं विचारायचा नियम केला. मी सांभाळलेल्या पाचही दुकानांत तो नियम शेवटपर्यंत टिकला. तुम्ही शाकाहारी असाल तर तुमच्या दुकानात कुणी विचारो न विचारो, गुंडाळायच्या आधी उघडून दाखवायला सांगा. हातमोजे बदलायलाही सांगा, त्यात संकोच कसला? जैन असाल किंवा चातुर्मास पाळत असाल तर अजून एक: “कांदा नको” म्हटल्याने कांदा टळतो, पण शेजारच्या डब्यातला एखादा तुकडा टोमॅटोत पडलेला असतोच, आणि मेयोनेझवाल्या बऱ्याच सॉसमध्ये लसूण असतो. कडक पाळणाऱ्याला मी स्वतः सांगायचो की आमच्याकडे खात्री देता येणार नाही. गिऱ्हाईक जायचं, पण घरी गेल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

राहिला तुमचा तिसरा अनुभव, लगदा. टोस्ट केलेला पाव कागदात घट्ट गुंडाळला की स्वतःच्याच वाफेने भिजायला लागतो. आतून टोमॅटो आणि काकडीचं पाणी, वर सॉस. दुकानात लगेच खाल्लं तर हे जाणवत नाही. डिलिव्हरीवाला अजून दुसरी ऑर्डर घेऊन, सिग्नल पार करून तुमच्या चौथ्या मजल्यावर येईपर्यंत अर्धा तास जातो, तोवर काम तमाम. मी घरी मागवतो तेव्हा सूचनेच्या चौकटीत तीनच गोष्टी लिहितो: सॉस वेगळा द्या, टोमॅटो नको, मधून कापू नका. मल्टिग्रेन पाव साध्यापेक्षा जरा जास्त तग धरतो. घरी आल्यावर कोरड्या तव्यावर दोन मिनिटं, झाकण न ठेवता. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलंत तर पाव आधी मऊ आणि मग चामड्यासारखा होतो.

तक्रार करायचीच असेल तर कुठे करावी, हेही लोक विचारतात. चव आणि प्रमाणाबद्दल असेल तर तिथेच, शिफ्ट इनचार्जला, सँडविच अर्धं व्हायच्या आत सांगा. बहुतेक ठिकाणी नवीन करून देतात, कारण एक सँडविच टाकून देणं मॅनेजरला लेखी तक्रारीपेक्षा स्वस्त पडतं. एका तारेचं परीक्षण टाकून निघून गेलात तर ते वाचणारा माणूस त्या शिफ्टला नव्हताच, त्यामुळे तो फक्त “क्षमस्व” चिकटवतो. लिहायचंच असेल तर बिलावरची वेळ लिहा. “सर्व्हिस खराब” यावरून मला काही करता येत नाही, “गुरुवारी रात्री 8:40, पाव कडक” यावरून ओव्हनवर कोण होतं ते पाच मिनिटांत सापडतं.

शिळं, वास येणारं, किंवा आत भलतंच काही निघालं, तर मात्र दुकानदाराशी वाद घालत बसू नका. सँडविच कागदासकट तसंच ठेवा, फोटो काढा, बिल टाकू नका. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी क्रमांक असतो, 2022 पासून तो छापणं बंधनकारक आहे. तोच क्रमांक देऊन महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे 1800-222-365 वर तक्रार करता येते. पैशांचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. बिलावर तो क्रमांकच नसेल तर तक्रारीत तेही लिहा.